जास्तच सुरेख आकडे

एप्रिल २००० मध्ये ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेशिया’ या भूलशास्त्राच्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये संपादकांना लिहिलेले एक पत्र छापून आले. लिहिणारे तिघे जर्मन डॉक्टर होते : पीटर क्रांके, ख्रिस्तियान आपफेल आणि नोर्बर्ट रोवर. जपानमधील भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांचे ग्रॅनिसेट्रॉन या औषधावरचे ४७ पेपर त्यांनी एकत्र ठेवून वाचले होते. औषधाने मळमळ किती कमी झाली, या मुख्य निष्कर्षाबद्दल त्यांना काही म्हणायचे नव्हते. त्यांची नजर अडली ती तक्त्यांच्या तळाशी असलेल्या डोकेदुखीच्या ओळीवर. एका गटाला हे औषध, दुसऱ्याला ते, तिसऱ्याला काहीच नाही, आणि तरी डोके दुखणाऱ्या रुग्णांची संख्या पेपरमागून पेपरमध्ये सगळ्या गटांत सारखी किंवा जवळपास सारखी. हे आकडे विश्वास बसू नये इतके छान आहेत, असे त्यांनी पत्राच्या शीर्षकातच म्हटले.

पत्राखाली फुजी यांचे उत्तर छापले गेले. आणखी किती पुरावा हवा, असा त्यांचा उलट प्रश्न होता. प्रकरण तिथेच मिटले. फुजी पेपर पाठवत राहिले, जर्नले छापत राहिली; ज्या जर्नलने शंका छापली होती, त्यानेही त्यांचे पेपर पुढे छापले.

मधे बारा वर्षे गेली.

शस्त्रक्रियेनंतरची मळमळ-उलटी हा वरवर किरकोळ वाटणारा विषय आहे. पण भूल उतरताना रुग्णाला सर्वाधिक नकोसे वाटणाऱ्या गोष्टींत तिचा क्रमांक वरचा लागतो. पोटावर ताजे टाके असताना उमासे येणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यालाच कळते. म्हणून जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत उलटी रोखणारी औषधे रोज दिली जातात. आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयातही ती असतात. कोणते औषध द्यायचे, किती, कोणाला, हे ठरते ते पेपरांवरून. एकेका पेपरातील आकडे गोळा करून आढावा लिहिला जातो, आढाव्यांवरून मार्गदर्शक सूचना तयार होतात आणि सूचनांवरून सिरिंज भरली जाते. फुजी यांच्या पेपरांची संख्या इतकी मोठी होती की या साखळीत ते सर्वत्र होते.

त्यांतले बहुतेक बनावट होते, हे पुढे उघड झाले. एवढे सगळे तपासणीतून सुटले कसे? पेपर छापण्याआधी तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी जातो. मी स्वतः भूलशास्त्रातील पेपर तपासतो, त्यामुळे परीक्षकाच्या हाती नेमके काय पडते हे सांगू शकतो. त्याला प्रस्तावना दिसते, पद्धत दिसते, सरासऱ्यांचे तक्ते दिसतात. रुग्णांचे केसपेपर दिसत नाहीत, एकेका रुग्णाची नोंद दिसत नाही, एथिक्स कमिटीच्या परवानगीचे पत्रही सहसा दिसत नाही. लेखकाने लिहिले आहे ते घडलेले आहे, असे धरूनच तो वाचतो. नमुना पुरेसा मोठा आहे का, पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष ताणलेला तर नाही ना, हे तो चांगले पकडू शकतो. सगळेच बनावट असेल तर ते पकडण्याचे साधन त्याच्याकडे नसते. उलट, कल्पनेतून लिहिलेल्या चाचणीत रुग्ण मधेच निघून जात नाहीत, नोंदी हरवत नाहीत आणि उत्तर स्वच्छ येते. अशा पेपरला परीक्षणात अडचण कमीच येते.

हे साधन इंग्लंडच्या टॉर्बे रुग्णालयातील भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी शोधले. मळमळ-उलटीच्या औषधांचा मोठा आढावा त्यांनी पूर्वी केलेला होता, त्यामुळे फुजी यांचे पेपर त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. १९९१ ते २०११ या काळातील फुजी यांच्या १६८ चाचण्या त्यांनी घेतल्या आणि औषधाच्या परिणामाकडे न पाहता सुरुवातीच्या तक्त्याकडे पाहिले. रुग्णांचे वय, उंची, वजन, रक्तदाब असा हा कंटाळवाणा तक्ता सगळे वाचक ओलांडून पुढे जातात. चाचणीत कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे दैवावर सोडलेले असते. म्हणून गटांच्या सरासऱ्या सारख्या असायला हव्यात, पण अगदी तंतोतंत नकोत. नाणे शंभर वेळा उडवले तर छापा कधी ४६ वेळा येईल, कधी ५३ वेळा. दर खेपेला ५० वेळाच आला असे कोणी सांगू लागले तर त्याने नाणे उडवलेलेच नाही. फुजी यांच्या तक्त्यांतील ३३ पैकी २८ बाबी अशाच निघाल्या. काही बाबतींत असे योगायोगाने घडण्याची शक्यता एकावर ३३ शून्ये ठेवून होणाऱ्या संख्येत एकाहूनही कमी होती. ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या ब्रिटिश जर्नलने मार्च २०१२ मध्ये हे विश्लेषण प्रसिद्ध केले.

त्याच्या आदल्याच महिन्यात टोकियोच्या तोहो विद्यापीठाने फुजी यांना नोकरीतून काढले होते, एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय केलेल्या संशोधनाच्या कारणावरून. आता वेगवेगळ्या जर्नलांच्या संपादकांनी एकत्र येऊन, फुजी जिथे जिथे काम करत होते त्या संस्थांकडे चौकशीची मागणी केली. जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेने समिती नेमली आणि जून २०१२ च्या अखेरीस अहवाल जाहीर केला. २१२ पेपर तपासले गेले. १७२ मध्ये बनावट माहिती होती. त्यांपैकी १२६ चाचण्या पूर्णपणे कपोलकल्पित होत्या. ३७ पेपरांबाबत निर्णय करता आला नाही. खरे म्हणता येतील असे पेपर उरले तीन.

सहलेखकांचे काय? आपले नाव अमुक पेपरवर आहे हेच काहींना ठाऊक नव्हते. संपादकांना जाणाऱ्या पत्रावर सगळ्या लेखकांच्या सह्या लागत, पण त्या सह्या खऱ्या आहेत का हे कोणी विचारत नसे. चाचणी अनेक रुग्णालयांत झाली असे लिहायचे, म्हणजे प्रत्येक रुग्णालयाला वाटते की रुग्ण दुसरीकडचे असतील. पेपर अनेक जर्नलांत विखुरलेले, त्यामुळे एका संपादकाला पूर्ण चित्र दिसत नाही. हे सगळे खरे असले तरी २००० सालच्या त्या पत्राने ४७ पेपरांचे चित्र एकत्र मांडलेच होते. त्या पत्राला जर्नलने दिलेला प्रतिसाद अपुरा होता, हे ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेशिया’चे तत्कालीन मुख्य संपादक स्टीव्हन शेफर यांनी २०१२ मध्ये मान्य केले. बारा वर्षांचा दोष माझ्या मते इथे आहे. खोटे लिहिणारा सर्वत्र निघू शकतो. पण शंका लेखी आल्यावर तिचा तपास करणे हे संपादकाचे कर्तव्य आहे. ती पत्रव्यवहाराच्या पानावर छापली म्हणजे ते कर्तव्य पार पडत नाही.

जपानमधल्याच दुसऱ्या एका गाजलेल्या प्रकरणाशी तुलना केली तर फरक कळतो. ३० जानेवारी २०१४ रोजी ‘नेचर’मध्ये कोबे येथील रिकेन संस्थेच्या हारुको ओबोकाता आणि सहकाऱ्यांचे दोन पेपर आले. साध्या पेशींना आम्लाचा झटका दिला की त्या मूळपेशींसारख्या होतात, असा त्यांचा दावा होता. काही आठवड्यांत प्रतिमांवर शंका निघाल्या, इतर प्रयोगशाळांना तो प्रयोग साधेना आणि २ जुलैला दोन्ही पेपर मागे घेतले गेले. अवघे पाच महिने. पेशी कोणत्याही प्रयोगशाळेत वाढवता येतात. चाचणीतले रुग्ण मात्र घरी गेलेले असतात. ती चाचणी पुन्हा तशीच करून पाहता येत नाही. म्हणून वैद्यकीय जर्नलांवरची जबाबदारी अधिक जड आहे.

त्याच सुमारास रक्तदाबावरच्या व्हाल्सार्टान या औषधाचे प्रकरण जपानमध्ये उघडकीस आले. जिकेई हार्ट स्टडी २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला होता, क्योतो हार्ट स्टडी २००९ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’ने. इतर औषधांपेक्षा हे औषध हृदयाला आणि मेंदूला अधिक जपते, असे दोन्हींत म्हटले होते. क्योतो विद्यापीठाचे योशिकी युई यांनी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून विचारले की, दोन्ही गटांचे रक्तदाबाचे आकडे एवढे जुळतात कसे? पुन्हा एक वाचक, पुन्हा एक पत्र आणि पुन्हा जास्तच सुरेख आकडे. या वेळी पत्राचा तपास झाला. नोव्हार्टिस कंपनीचा कर्मचारी विद्यापीठाचे नाव लावून आकडेवारीच्या कामात सामील होता, हे बाहेर आले. २०१३ मध्ये दोन्ही पेपर मागे घेतले गेले.

त्या कर्मचाऱ्यावर खटला चालला. २०१७ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने आकड्यांत फेरफार झाल्याचे मानले, तरी त्याला निर्दोष सोडले, कारण जर्नलमधला शोधनिबंध ही औषध कायद्याच्या अर्थाने जाहिरात ठरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. दरम्यान क्लिनिकल चाचण्यांसाठी स्वतंत्र कायदा करून जपानने तो एप्रिल २०१८ पासून लागू केला. त्यात चाचणीवर देखरेख आली, कंपनीच्या पैशाचा हिशेब आला. पण छापलेल्या ओळीच्या खरेपणाचा पहारा अजून जर्नलाच्या संपादकाकडेच आहे.

तो पहारा किती सैल असू शकतो हे जपानमधल्याच योशिहिरो सातो यांच्या प्रकरणात दिसले. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांचे फ्रॅक्चर कसे टाळावे यावर त्यांनी अनेक चाचण्या प्रसिद्ध केल्या. २००५ मध्ये ‘जामा’ने त्यांची पक्षाघाताच्या ६२८ रुग्णांवरची चाचणी छापली; फोलेट आणि बी-१२ च्या गोळ्यांनी खुब्याचे फ्रॅक्चर मोठ्या प्रमाणात टळते, असा तिचा निष्कर्ष होता. न्यूझीलंडचे मार्क बोलंड आणि अँड्र्यू ग्रे, स्कॉटलंडच्या अ‍ॅलिसन अ‍ॅव्हेनेल आणि त्यांचे सहकारी यांनी सातो यांच्या ३३ चाचण्या तपासल्या. थोड्या काळात प्रचंड रुग्ण, मधेच गळणारे जवळजवळ कोणी नाही, गटांची सुरुवातीची आकडेवारी अति सारखी. हे विश्लेषण २०१६ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आले. त्याच वर्षी ‘जामा’ने तो पेपर मागे घेतला. ‘न्यूरॉलॉजी’तील आपल्या पेपरांवर सहलेखकांची नावे केवळ मानापोटी घातली होती, असे सातो यांनी मान्य केले. तोवर त्यांचे आकडे इतरांच्या आढाव्यांत आणि शिफारशींत शिरलेले होते. मूळ पेपर मागे घेतला गेला तरी त्यावर उभे राहिलेले आढावे आपोआप दुरुस्त होत नाहीत. ते काम कोणी तरी हाताने, एकेक करून करावे लागते.

बदल झाला आहे का? झाला आहे, आणि तो कार्लाइल यांच्याच हातून. ‘अ‍ॅनेस्थेशिया’च्या संपादक मंडळावर आल्यावर त्यांनी २०१७ पासून सव्वातीन वर्षांत आलेल्या ५२६ चाचण्या छापण्यापूर्वी तपासल्या. ज्यांची एकेका रुग्णाची नोंद मिळाली अशा १५३ पैकी ६७ चाचण्यांत त्यांना खोटी माहिती आढळली, म्हणजे ४४ टक्के. ज्यांचे फक्त तक्ते पाहायला मिळाले अशा ३७३ मध्ये ती सहाच ठिकाणी सापडली. दोन्ही गटांतील लेखकांच्या सचोटीत इतका फरक असेल असे मला वाटत नाही. मूळ नोंदी पाहिल्याशिवाय बहुतेक खोटे दिसतच नाही, हाच या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. बढतीसाठी, पीएचडीसाठी पेपर सक्तीचे झाले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नले उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची भूषण पटवर्धन यांच्यासह पुण्यातील अभ्यासकांनी तपासणी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी तपासलेली ८८ टक्के निकृष्ट असू शकतात, असे त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जर्नल पारखणारा कक्ष उभा राहिला. पण फुजी आणि सातो यांचे पेपर चांगल्या, नामांकित जर्नलांतही आले होते. यादी कितीही नीट केली तरी हा दुसरा प्रश्न तिने सुटत नाही.

२०१९ पासून ‘अ‍ॅनेस्थेशिया’ने काही देशांतून येणाऱ्या प्रत्येक चाचणीच्या मूळ नोंदी मागायला सुरुवात केली. त्या देशांत जपान होता आणि भारतही होता. अनेकांना हे अपमानास्पद वाटले. मला वाटते, मागणी सगळ्या देशांकडून व्हावी आणि आपल्या जर्नलांनी ती स्वतःहून सुरू करावी : चाचणीसोबत रुग्णाचे नाव वगळून मूळ तक्ता, एथिक्स कमिटीचे पत्र आणि प्रत्येक सहलेखकाला संपादकाकडून थेट गेलेली, त्याने स्वतः उत्तर दिलेली ईमेल. वाचकाकडून शंका आली तर तिच्या उत्तराची तारीख ठरलेली असावी. ज्या वैद्यकीय महाविद्यालयात काम झाले, तिथल्या अधिष्ठात्यांनाही त्याच दिवशी पत्र जावे. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. आपली बहुतेक जर्नले ज्या डॉक्टरांच्या संघटना चालवतात, त्यांच्या पुढच्याच वार्षिक सभेत हा ठराव मांडता येईल.