हा माझ्यावर गेलाय

पालकसभेत आया अगदी सहज सांगून जातात, ‘‘आमच्याकडे गणित कुणालाच जमत नाही हो, हा माझ्यावर गेलाय.’’ मुलगा शेजारीच उभा असतो. नाकडोळ्यांसारखं गणितही आईकडून येतं, हे त्याला तिथंच कळतं. अशा मुलाची वही एकदा जवळून पाहावी. अपूर्णांकांच्या बेरजेत छेद समान करेपर्यंत पेन्सिल ठसठशीत चाललेली असते. उत्तर मात्र इतकं फिकट, की खोडलं तरी मागमूस राहू नये. बरेचदा ते बरोबर असतं.

यावर ‘स्वतःवर विश्वास ठेव’ हा डोस हल्ली सर्रास पाजला जातो. दहावीच्या तोंडावर व्याख्याते येतात, मुलं टाळ्या पिटतात आणि सहामाहीचं गणित सराव परीक्षेतही अडतंच. अडणारच. ‘मला जमेल’ ही भावना सर्वांत बळावते ती प्रत्यक्ष जमल्यानं, हे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ सालीच मांडलं होतं. म्हणजे आधी एखादं गणित सुटायला हवं, आणि ते सुटेपर्यंत कुणीतरी शेजारी बसायला हवं. टाळ्यांपेक्षा हे फार कंटाळवाणं काम आहे.

मला खरा अस्वस्थ करतो तो उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला प्रयोग. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जातीचा उल्लेख झाला नाही तिथं दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं सोडवत होती. ज्या गटांत प्रत्येकाची जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तिथं ती मागे पडली. कागद तोच, भुलभुलैया तोच.

आपल्या कित्येक शाळांत हे वाचन जूनमध्येच उरकतं. गुणांनुसार अ, ब, क, ड तुकड्या पाडल्या, की ‘ड’मधल्या मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. सरही त्या वर्गात शिरतात ते आवाज चढवूनच.

अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी सरावानं वाढते, हे त्यांना तासाभराच्या आत समजावलं होतं. मागे पडलेल्यांचे गुण त्यानं वाढले, पण किंचितच. आणि त्यातही फायदा दिसला तो सोबतची मुलं अवघड प्रश्नांना भिडायला तयार होती अशा शाळांत. बिचकलेली सगळी मुलं आपणच निवडून एका खोलीत बसवली, तर ‘ड’मध्ये ती सोबत मिळायची कुणाची?