परतीचा प्रश्न

‘व्हिसा’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ ‘पाहिलेले’ एवढाच. कागद पाहिला, त्यात वावगे आढळले नाही, पुढे जाण्यास हरकत नाही, अशी ती खूण. आपल्याकडे पेशवाईत हाच व्यवहार दस्तक आणि राहदारी ह्या नावांनी चालत असे. चौकीवरचा अंमलदार कागद पाही आणि वाटसरूस सोडी किंवा अडवी. वस्तू जुनी आहे, नाव तेवढे नवे. तथापि हे नवे नाव आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. धान, तेंदूपाने आणि रेल्वेचे जंक्शन ह्यांवाचून ज्या आमच्या गोंदियात दुसऱ्या गोष्टी फारशा निघत नसत, तेथे आता लग्नाच्या पंगतीतही ‘अमक्याच्या मुलीची आय-ट्वेंटी आली का?’ असा प्रश्न ऐकू येतो. २०२३-२४ ह्या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती, आणि त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकले, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या प्रश्नाचे नवल वाटत नाही.

आमच्या घरी हा विषय आला तो धाकट्या बंधूंच्या कन्येमुळे. नागपुरास अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर तिला जलव्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. घरात नऊ माणसे. त्यांपैकी नियमांचे पुस्तक चिकाटीने वाचणारे आम्हीच. चाळीस वर्षे मुलांकडून रूपे आणि संधी घोकून घेतलेल्या माणसास कायद्याची भाषा फारशी परकी वाटत नाही. सूत्र लहान, अपवाद मोठा आणि अपवादालाही अपवाद, ही पद्धत पाणिनीच्या विद्यार्थ्यास ओळखीचीच आहे.

आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे: अधिकारी कोण, विषय कोणता, संबंध काय आणि प्रयोजन काय. ह्यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. अमेरिकेच्या नियमांत आम्हांस हेच चार प्रश्न आढळले. शिकावयास येणाऱ्यांचे तेथे मुख्य तीन वर्ग केलेले आहेत. महाविद्यालयीन विद्येसाठी जाणारा तो ‘एफ-१’, धंदेशिक्षणासाठी जाणारा तो ‘एम-१’, आणि विनिमयाच्या योजनेखाली जाणारा विद्यार्थी, संशोधक, अध्यापक किंवा वैद्य तो ‘जे-१’. पहिल्या दोहोंस सरकारमान्य शिक्षणसंस्था ‘आय-ट्वेंटी’ हा कागद देते. तिसऱ्यास मान्यताप्राप्त पुरस्कर्ती संस्था ‘डीएस-२०१९’ देते. हा झाला अधिकार. विषय त्या कागदावर लिहिलेला असतो. संबंध म्हणजे खर्च कोण करणार आणि त्याचा पैसा कोठून येणार, ह्याचा पुरावा. २००३ पासून अशा प्रत्येकाची नोंद ‘सेव्हिस’ नावाच्या संगणकीय वहीत होते. तिचे शुल्क २०१९ साली विद्यार्थ्यास ३५० आणि विनिमयाने येणाऱ्यास २२० डॉलर असे ठरविण्यात आले. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी ३० दिवसांहून अधिक आधी तेथे पाऊल ठेवता येत नाही. अभ्यासाचा पूर्ण भार घ्यावा लागतो, आणि परवानगीवाचून विद्यापीठाबाहेर नोकरी करता येत नाही.

हे नियम एका जागी स्थिर राहत नाहीत, हेही घराघरांतून ठाऊक असावे. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती ठरविणेच काही आठवडे थांबविण्यात आले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांस पाहता येतील अशी उघडी ठेवावीत, अशी नवी अट आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ‘शिक्षण चालू असेतोवर’ राहू देण्याची जुनी रीत बदलून चार वर्षांपर्यंतची ठराविक मुदत घालावी, असा मसुदा प्रसिद्ध झाला. म्हणून शेजारच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले ह्यावर विसंबून राहू नये. अर्जाच्या दिवशी जो नियम असेल तोच पाहावा.

असो. चार प्रश्न सुटले की पाचवा उभा राहतो, आणि खरी कसोटी तेथेच आहे. तो प्रश्न असा: शिकून झाल्यावर तू घरी परत जाणार काय? कायद्याप्रमाणे विद्यार्थ्याचे स्वदेशी घर असले पाहिजे आणि ते सोडण्याचा त्याचा हेतू नसला पाहिजे. इतकेच नव्हे, तर येणारा प्रत्येक जण कायमचा राहावयास येत आहे असे कायदा प्रथम गृहीत धरतो. तसे नाही, हे दाखविण्याचे ओझे अर्जदाराच्या शिरावर असते. आमच्या भाषेत बोलावयाचे तर पूर्वपक्ष आधीच मांडून ठेवलेला असतो, आणि सिद्धान्त त्या वीस-बावीस वर्षांच्या पोराने खिडकीपाशी उभे राहून दोन-तीन मिनिटांत स्थापावयाचा असतो. नालंदेच्या द्वारी पंडित बसत आणि येणाऱ्यास कठीण प्रश्न विचारीत. दहांतील सात-आठ जण तेथूनच परत फिरत, असे ह्युएन त्संगाने लिहून ठेविले आहे. ते द्वारपंडित विद्या तपाशीत. हे नवे द्वारपंडित मन तपासतात.

आमच्या घरात ह्या प्रश्नावरून चांगलाच खल झाला. मुलांस मुलाखतीसाठी तयार करणारे एक गृहस्थ म्हणाले की, उत्तर पाठ करून ठेवावे: ‘वडिलांची शेती आहे, घर आहे, मी निश्चित परत येणार.’ मनात काय आहे ते कोणी पाहत नाही! बंधूंना हे पटण्याच्या बेतात होते. आम्ही मुलीस बाजूला बोलावून विचारले, “अगं, तुझ्या मनात खरोखर काय आहे?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मोठे काका, आज विचारलंत तर मला परत यायचंच आहे. पाच वर्षांनी काय वाटेल, ते आज कसं सांगू?”

आम्हांस वाटते, ह्याहून प्रामाणिक उत्तर नाही, आणि कायद्यासही ह्याहून अधिक नको आहे. पूजेस बसताना आपण प्रथम संकल्प सोडतो. देश, काल, गोत्र आणि नाव उच्चारून, आता मी अमुक करणार आहे, असे सांगतो. पूजा निर्विघ्न पार पडेलच अशी हमी त्यात नसते. मात्र सांगताना मनात दुसरेच असेल तर तो संकल्पच नव्हे. खिडकीपलीकडचा अधिकारी आजचा हेतू विचारतो, जन्माची शपथ मागत नाही. उलट जाणूनबुजून खोटे निवेदन केल्याचे ठरले तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. पाठ केलेल्या उत्तराचा मोह पडणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. आमच्या मुलीने जे मनात होते तेच सांगितले, आणि तिला व्हिसा मिळाला. परंतु व्हिसा मिळाला म्हणून प्रश्न सुटला, असे आम्हांस वाटत नाही.

परतीचा हा प्रश्न काही अमेरिकेने प्रथम काढलेला नाही. बौधायनाने समुद्रप्रवास पातकांत घातला, आणि पुढे कलिवर्ज्यांतही त्याची गणना झाली. ह्याचा व्यवहारातील परिणाम असा की, जाणाऱ्यास परका देश अडवीत नसे. परतणाऱ्यास आपलेच लोक अडवीत आणि प्रायश्चित्त मागत. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या तेव्हा अमेरिकेने त्यांजकडे व्हिसा मागितला नाही. परदेशी माणसाकडून व्हिसा घेण्याची त्या देशाची पद्धत पहिल्या महायुद्धात आली आणि १९२४ च्या कायद्याने ती पक्की झाली. आनंदीबाईंस आपले जाणे समजावून सांगावे लागले ते येथल्या लोकांस, श्रीरामपूरच्या सभेत. १८८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन त्या परत आल्या; कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले.

आमच्या विदर्भातील पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांची कथा उलट आहे. वर्ध्याचा हा तरुण अमेरिकेत शेतकी शिकला, गदर चळवळीत शिरला आणि पुढे मेक्सिकोत शेतकीचा अध्यापक झाला. मायदेशी येण्याची तळमळ असूनही इंग्रजी अमलात त्यांस ते दार बंद होते. स्वातंत्र्यानंतरच त्यांस परत येता आले, आणि १९६७ साली नागपुरात त्यांनी देह ठेवला.

परंतु ज्या उदाहरणाने आमच्यासारख्या घरांनी मान खाली घालावी, ते डॉ. आंबेडकरांचे. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून झाल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची, असा करार होता. मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून १९१७ साली ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास हजर झाले. तेथे त्यांस राहावयास जागा मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः ज्या छोट्या पुस्तिकेत लिहिली तिचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत. परदेशच्या व्हिसाची गोष्ट तीत नाही. स्वदेशात पाण्याच्या टाकीपाशी, बैलगाडीपाशी, बिऱ्हाडाच्या दाराशी जो व्हिसा माणसास लागत होता, त्याची ती गोष्ट आहे. १९५४ साली हेच आंबेडकर आमच्या तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. करार पाळून परतणाऱ्यास आपण काय दिले, ह्याचा हिशेब आमच्या जिल्ह्यासही चुकलेला नाही.

सरकारांनी परत पाठविण्याचे उपाय करून पाहिले आहेत. ‘जे-१’ वर्गातील काही जणांवर अमेरिकेने असे बंधन घातले की, शिक्षण संपल्यावर दोन वर्षे स्वदेशी राहावे. त्याखेरीज तेथे कायम वास्तव्याचा अर्ज करता येणार नाही. ज्या देशांस ज्या विद्यांची गरज आहे त्यांची एक यादी ह्यासाठी असते. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी सुधारण्यात आली आणि तीतून भारताचे नाव गाळण्यात आले. तेथे वैद्यकीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांस आणि सरकारी पैशाने जाणाऱ्यांस मात्र ते बंधन राहिलेच. दुसरीकडे ‘एफ-१’ विद्यार्थ्यास परतीचा हेतू विचारणारे तेच राज्य त्यास पदवीनंतर १२ महिने काम करू देते, आणि २०१६ च्या नियमाने विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास आणखी २४. एका हाताने परतीची वाट दाखवावी आणि दुसऱ्याने पानावर वाढावे, असा हा प्रकार. त्या राज्याचे हित त्याने पाहावे. त्यात गैर काही नाही. आपले हित आपण पाहतो की नाही, एवढाच आमचा सवाल आहे.

कारण त्या दिवशी आमच्या पुतणीने आम्हांसही एक प्रश्न विचारला होता. “मी परत आले, तर तुम्ही मला इथे काय करू द्याल?” तिचा विषय पाणी. गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले शेकडो मालगुजारी तलाव येथे आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कित्येकांत आज गाळ साचला आहे. ह्या तलावांवर काम करावे, असे तिच्या मनात आहे. तिला खेड्यापाड्यांतून एकटीने हिंडावे लागेल, पगार थोडा असेल, आणि लग्नाची घाई करून चालणार नाही. हे ऐकून घरातील वडील माणसे एकमेकांकडे पाहू लागली. ‘परत ये’ असे सांगण्यास सगळे उत्सुक. ‘आलीस तर तुझ्या मनासारखे कर’ असे म्हणण्यास कोणाचे तोंड उघडेना. ह्यावर आमच्या घरात आज एकमत झाले आहे, असे सांगता येणार नाही. बोलणे मात्र सुरू झाले आहे, आणि ते तिच्या कानावर जावे म्हणून दर रविवारी दूरध्वनीवर आम्ही ते तिच्याशीच करतो.

सोडमुंजीत बटू काठी-छत्री घेऊन काशीस निघतो. मामा त्यास अडवितो आणि आपली मुलगी देण्याचे कबूल करून परत आणतो. हा विनोदाचा विधी असला तरी आमच्या पूर्वजांचे एक शहाणपण त्यात आहे. परत बोलाविणाऱ्याने रिकाम्या हाताने बोलावू नये.

म्हणून ज्या घरांतून यंदा मुलेमुली निघणार आहेत, त्यांस आमचे सांगणे थोडे आहे. कागद वेळेवर जमवावेत. नियम मूळ ठिकाणी जाऊन वाचावेत. उत्तरे पढवू नयेत. मुलास जे खरे वाटते ते आधी घरात मोकळेपणी बोलू द्यावे. आणि विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईस मुलाखतीला निघण्यापूर्वी वडील माणसांनी एकत्र बसून स्वतःस विचारावे की, हे मूल परतले तर त्याच्या विद्येस, त्याच्या मतांस आणि त्याने निवडलेल्या जोडीदारास ह्या घरात जागा आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर कोणताही वकील तपाशीत नाही. ते मुलास मात्र ठाऊक असते.