तासगावहून मालवणचे बेट : चार दिवसांचा बेत

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की प्रवासी कंपन्यांच्या फलकांवर हल्ली थायलंडची बेटे झळकू लागतात. फुकेत, कोह सामुई, निळे पाणी, माडांच्या रांगा आणि खाली ठळक अक्षरांत 'चार रात्री, पाच दिवस'. थायलंड हा बौद्धांचा देश. कोह सामुईच्या किनाऱ्याजवळ १९७२ साली उभारलेली बारा मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. आपल्या माणसांना तिकडे जावेसे वाटणे साहजिकच आहे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी जरूर जावे. पण आपल्या तासगाव तालुक्यात द्राक्षाच्या छाटणीला टोळीने जाणारी, बेदाण्याच्या शेडवर राबणारी, मार्केट यार्डात पोती उचलणारी जी माणसे आहेत, त्यांनी काय करावे? त्यांच्या मुलांनी बेट फक्त फलकावरच पाहावे काय?

हा प्रश्न आम्हा चार घरांत निघाला आणि त्यातूनच आमचा बेत ठरला. त्या जाहिरातीतली एकच गोष्ट आम्ही उचलली. दिवस थोडे, पण प्रत्येक दिवस वेगळा. एक दिवस बेटाचा, एक दिवस वाळूचा, एक दिवस बाजाराचा, आणि मध्ये विसावा. असे बेट एका दिवसाच्या एसटी प्रवासावर आपल्याकडेही आहे. मालवणचे कुरटे बेट, म्हणजेच सिंधुदुर्ग किल्ला.

आधी पैशाचे बोलू

पहिल्याच बैठकीत आमच्या आक्कांनी विचारले, "चार दिवसांची हजेरी बुडवून पाणी बघायला जायचं व्हय?"

वैनी म्हणाल्या, "आक्का, लग्नाला गेलं तरी हजेरी बुडतीच की. मयताला गेलं तरी बुडती. पोरांसाठी एकदा बुडली तर काय झालं?"

खरे तर आपल्या घरांत प्रवास म्हणजे लग्न, बारसे, दवाखाना नाहीतर ६ डिसेंबरची चैत्यभूमी. दादरला जाणाऱ्यांनी समुद्र पाहिलेला असतो, नाही असे नाही. पण तो गर्दीत, रांगेत, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन. पाण्याजवळ निवांत बसणे आमच्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक नव्हते.

म्हणून आम्ही भिशीसारखीच सहलीची पेटी सुरू केली. घरटी आठवड्याला ४०० रुपये. दिवाळीनंतर एप्रिलअखेरपर्यंत २५ आठवडे धरले तर एका घराचे १०,००० आणि चार घरांचे ४०,००० होतात. बुडणारी हजेरीही आम्ही खर्चातच धरली. त्यामुळे परत आल्यावर उसनवारीची पाळी येत नाही. वही एका मुलीकडे दिली. तिचे गणित चांगले आहे आणि ती कोणाच्या भिडेला पडत नाही.

प्रवासासाठी एसटीसारखे साधन नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ च्या पुढे मोफत. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. याशिवाय 'आवडेल तेथे प्रवास' ही ४ आणि ७ दिवसांच्या पासची योजना १९८८ पासून चालू आहे. पुरुष मंडळींसाठी चार दिवसांचा पास परवडतो की सुटे तिकीट, हे आगारात विचारून दोन्हींची बेरीज करून पाहावी.

कधी निघावे?

हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण तेव्हा आपल्याकडे द्राक्षबागांची कामे अंगावर असतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बेदाण्याचा हंगाम. मग एप्रिलात खरड छाटणी. हे सगळे उरकून मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्याचा पहिला पंधरवडा हाती लागतो. त्यापुढे ढकलू नये. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै राज्यात मासेमारीला बंदी असते.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे तिथी. मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर कमी असतो. त्याला कोकणात भांग म्हणतात. तेव्हा बुद्धपौर्णिमा आपल्या विहारात साजरी करावी आणि तिच्या पुढची किंवा मागची अष्टमी धरून निघावे.

पहिला दिवस : घाट उतरताना

तासगावहून पहाटेची गाडी धरून सांगली आणि तिथून कोल्हापूर गाठायचे. कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण असा रस्ता आहे. दुसरी वाट गगनबावड्याची. आम्ही राधानगरीची वाट धरली, कारण शाहू महाराजांनी ज्या धरणाची सुरुवात केली त्याचा परिसर मुलांना दाखवायचा होता. पुढे दाजीपूरचे दाट जंगल लागते आणि मग गाडी घाट उतरू लागते. ऊस संपतो, तांबडी माती सुरू होते, फणस आणि काजू दिसू लागतात. मुले खिडकी सोडायला तयार होत नाहीत.

घाट उतरल्यावर मुलांना आम्ही सांगितले, की हा भाग पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. कोकणातल्या कुळांना पिळणारी खोतीची पद्धत मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुस्तकातली तारीख अशी रस्त्यावर भेटली की मुलांच्या लक्षात राहते.

संध्याकाळी मालवणात पोहोचल्यावर काहीही पाहायला जायचे नाही. जेवायचे आणि झोपायचे.

दुसरा दिवस : बेट

सकाळी लवकर जेटीवर जावे. ऊन कमी असते आणि रांगही लहान असते. होडीने किल्ल्यावर पोहोचायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यातच निम्म्या मंडळींचे तोंड उतरले आणि पोरे मात्र पुढच्या टोकाला जाऊन बसली.

किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची आणि काम पुरे झाले १६६७ मध्ये. बेट सुमारे ४८ एकरांचे आणि तटबंदी जवळजवळ तीन किलोमीटर. दरवाजा वळणात असा बेतला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. महाराजांचे चिरंजीव राजाराम यांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे. तिथली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे. आमच्या पोरांनी हे सगळ्यांच्या आधी टिपले.

आमच्या बायकांना सगळ्यात नवल वाटले ते विहिरींचे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे पाणी! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला या विहिरींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आक्का दूधबावेजवळ बराच वेळ बसल्या होत्या. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते वर राहते, आणि ते विहिरीत मिळते. आमच्यातल्या गुरुजींनी हे मुलांना तिथेच समजावून दिले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात सिंधुदुर्ग आहे. किनाऱ्यावर राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुढे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तट लाटा खात उभा आहे. काम मनापासून केले तर काय टिकते आणि नाही केले तर काय होते, हे कष्ट करणाऱ्या माणसाला तिथे उभे राहिले की आपोआप कळते.

दुपारी खोलीवर विसावा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहावा. आमच्या हमाल भावाला ती बोली ऐकून तासगावच्या बेदाण्याच्या सौद्याची आठवण झाली. माल वेगळा, पण भाव पाडणारा आणि भाव वाढायची वाट पाहणारा माणूस दोन्हीकडे सारखाच!

तिसरा दिवस : वाळू आणि खाडी

मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आहे आणि पुढे देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर घरे आणि माड. टोकाला नदी समुद्राला मिळते. सकाळी वाळू, दुपारी माडाची सावली, उन्हे कलल्यावर खाडीतली होडी. एवढ्यात दिवस भरतो. पाण्याखाली जाऊन प्रवाळ आणि मासे दाखवण्याचीही सोय आहे. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. पण तो खर्च वेगळा असतो. आम्ही तो केला नाही आणि कोणाचे काही अडले नाही.

नशिबात असेल तर किनाऱ्यावर रापण ओढताना दिसते. लांबलचक जाळे समुद्रात सोडून दोन्ही टोकांनी माणसे ते किनाऱ्याकडे ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. बायाबापड्या, पोरेटोरे सगळे हात लावतात.

पाण्याशी मात्र खेळ नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अंगात जाकीट घातल्याशिवाय होडीत बसायचे नाही. होडीत माणसे जास्त भरली असतील तर उतरून दुसरी होडी पाहायची. ओहोटी सुरू असताना पाण्यात शिरायचे नाही. रोज भरतीची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरायची नाही, स्थानिक कोळी बांधवांना विचारायची. विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येईलच असे नाही.

राहणे, जेवणे आणि आडनाव

मालवण-तारकर्लीत घरगुती खोल्या भरपूर आहेत. मे महिन्यात भाव चढतात. फोनवरच सगळे विचारून घ्यावे. एका खोलीत किती माणसे, मुलांचे पैसे किती, ताट किती रुपयांचे, भात-आमटी पुन्हा वाढणार की नाही.

आमचा एक नियम होता. सहलीत स्टोव्ह आणि पातेली न्यायची नाहीत. चटणी, भाकरी, शेंगदाण्याचे लाडू पहिल्या दिवसापुरते घ्यायचे. पुढे बायकांनी चुलीपुढे बसायचे नाही. बाईने तिकडे जाऊनही स्वयंपाकच करायचा असेल तर ती सहल फक्त पुरुषांची होते. बांगडा आणि सोलकढीचे आयते ताट पुढे आल्यावर वैनी म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा गरम जेवले."

आणखी एक बोलायला हवे. खोली ठरवताना एका ठिकाणी आमचे गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि आडनाव ऐकल्यावर खोली भरली असल्याचे कळले. आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या काकूंनी काहीही न विचारता पोरांना कोकम सरबत दिले. दोन्ही अनुभव खरे आहेत. पण हॉटेल, दुकान, करमणुकीची जागा यांत जातीवरून कोणाला अडवता येत नाही, असे संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिलेले आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ पासून आहे. एका माणसाच्या तोंडाकडे पाहून आपण सहलीचा विचार सोडायचा नाही. चांगली वागणूक मिळालेल्या घरांचे पत्ते आपापसांत द्यावेत. आम्ही आमच्या वहीत तसे लिहून ठेवले आहेत.

चौथा दिवस : बाजार आणि माणगाव

सकाळी मालवणच्या बाजारात खाजे, कोकम आणि तिरफळे घ्यावीत. सुकी मासळी घेतली तर नीट बांधावी, नाहीतर सगळी गाडी बोलते. परतीच्या वाटेवर कोल्हापूरच्या पुढे हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे बहिष्कृतांची परिषद झाली. अध्यक्ष होते बाबासाहेब. वय अवघे २८. शाहू महाराज स्वतः आले होते. वेळ असेल तर तिथे उतरावे. उशीर झाला असेल तर सांगलीकरांना माणगाव कुठल्याही रविवारी जमते.

वाचकहो, सहल म्हणजे उधळपट्टी नव्हे. आपल्या आईबापांनी गाव सोडले ते पोटासाठी. आपण मुलांना शाळेत घातले, पुस्तके दिली. त्याच पुस्तकातले बेट, खाडी आणि भरती-ओहोटी त्यांना डोळ्यांनी दाखवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. आणि राबणाऱ्या बाईला वर्षातून चार दिवस कोणी हाक मारू नये, हा तिचा हक्क आहे.

आमच्या पेटीत या दिवाळीनंतर पुन्हा पैसे पडू लागतील. पहिले ४०० रुपये आक्का टाकणार आहेत. त्यांनी तसे वहीत लिहून घेतले आहे.