पुलावरून जाणारा पैसा

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रज, नसरापूर, कापूरहोळ, किकवी मागे पडतात आणि नीरेच्या काठी भोर तालुक्यातील सारोळे येते. पुलापलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. महाबळेश्वर, कोल्हापूर आणि आपले कुंभोजगिरी तीर्थ यांकडे निघालेली असंख्य कुटुंबे याच पुलावरून जातात. परंतु त्यांतील किती जण सारोळ्यास थांबतात?

व्यापाऱ्यास या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. दुकानासमोरून जाणारी गर्दी आणि संध्याकाळी गल्ल्यात उरणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. पर्यटनाचेही तसेच आहे. बाहेरच्या मालकाच्या उपाहारगृहात दिलेला रुपया बहुतांशी बाहेरच जातो. तोच रुपया गावातील घरच्या जेवणासाठी दिला, तर तांदूळ पिकवणारा, दूध घालणारा, वाटाड्या अशा अनेक हातांतून फिरतो.

या भागाकडे भांडवल थोडे नाही. जवळच नसरापूरचे बनेश्वर, भोरचा राजवाडा आणि भाटघरचे धरण आहे. वेल्ह्याकडे तोरणा व राजगड आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत राजगडाचा समावेश आहे. शेतकऱ्याने शेतावरच पाहुण्यांची सोय करावी, यासाठी राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही स्वीकारले.

मग उणीव कोठे आहे? थोडी आपल्याकडेही आहे. आपण खाकरे, ठेपले आणि पाणी घरूनच नेतो. आहाराचे नियम पाळावयाचे, म्हणून ते योग्यच. पण वाटेतील गावाला आपल्याकडून पुष्कळदा केवळ कचरा मिळतो. कंदमूळ वर्ज्य करून, सूर्यास्तापूर्वी, गाळून उकळलेल्या पाण्यासह साधा वरण-भात देणे ग्रामीण गृहिणीस अवघड नाही. आदल्या दिवशी कोणी विचारील, एवढीच तिची अपेक्षा असेल. तिला नेमाचे गिऱ्हाईक मिळेल आणि आपला नियमही अबाधित राहील.

अपरिग्रह म्हणजे केवळ कमी साठविणे नव्हे. मिळालेले पुढे वाहते ठेवणे हेही त्यातच येते. पुढच्या यात्रेला निघताना एक डबा कमी भरावा आणि नीरेकाठच्या एखाद्या घरी आधी निरोप धाडावा. परतल्यावर प्रवासाचा जमाखर्च मांडताना वाटेतल्या गावाचे नावही त्यात असावे.