डबी लावली की चालू होत नाही

"अरे, ती डबी लावली की कॉम्प्युटर चालूच होत नाही."

जून २०२५ मधला एक बुधवार, दुपारचे साडेबारा. मी हिंजवडीत, हापिसात, एका कॉलवर म्यूट होऊन बसलेलो. बाबा कराडहून फोनवर. आमच्या सपोर्टच्या तिकिटांमध्ये लोक नुसतं "चालत नाहीये" असं लिहून मोकळे होतात आणि आपण कपाळाला हात लावून बसतो. त्या मानाने बाबांचं वाक्य सोन्यासारखं होतं. काय होतं आणि कधी होतं, दोन्ही त्यात आलं होतं. यावर मी काय म्हणालो? "डबीच खराब असेल हो. काढून ठेवा, मग होईल चालू." आणि फोन ठेवला.

डबी काढली, चालू झालं. तिकीट क्लोज्ड!

तर मंडळी, आधी पात्रपरिचय. मशीन म्हणजे २०१३ साली माझी दहावी झाल्यावर दुकानातून पार्ट निवडून जोडून घेतलेला डेस्कटॉप. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सगळी नोकरी कालव्याचं गेज आणि पर्जन्यमापकाचे आकडे वहीत उतरवण्यात गेली. आता घरातल्या जुन्या निगेटिव्ह आणि फोटो स्कॅन करायचं काम त्यांनी काढलंय. आजोबांचा फेट्यातला फोटो, साइटवरचे चिखलातले फोटो, माझ्या मुंजीतले लोक (यातले निम्मे कोण, ते आईलाच माहीत). आणि डबी म्हणजे एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, २०२४ च्या दिवाळीत मीच नेऊन दिलेली. "कायम जोडलेलीच राहू दे, बॅकअप आपोआप होत राहील," ही सूचनाही माझीच. त्याच वेळी बायॉसमध्ये शिरून मी बूटचा क्रम लावून दिला होता. आधी आतली डिस्क, मग यूएसबी. आठ महिने सगळं सुरळीत.

आता हा बूटचा क्रम काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो. (ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.) मशीनचं बटण दाबलं की प्रोसेसरला विंडोज वगैरे काहीच ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमधला बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो, हातपाय हलवून बघतो आणि मग दारोदार विचारत सुटतो, "तुझ्याकडे ऑपरेटिंग सिस्टिम आहे का?" कुठल्या दारी आधी जायचं, तो हा क्रम. ज्या डिस्कची पाळी येईल तिचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर तो उचलतो. त्यातले शेवटचे दोन बाइट ठरावीक असले, ५५ आणि एए, की सगळा कारभार त्या सेक्टरमधल्या कोडवर सोपवून हा मोकळा. गंमत अशी की जुना बायॉस तेवढी सहीच बघतो, वरचा मजकूर वाचत नाही. बाहेरच्या डिस्कवर सही असते, कारण पार्टिशनचा तक्ता त्याच सेक्टरमध्ये राहतो. पण बूटचा कोड असेलच असं नाही. आमच्या डबीत कोडच्या जागी नुसती शून्यं होती, हे मी नंतर उघडून बघितलं. प्रोसेसर बिचारा शून्यांनाच हुकूम समजून त्यांतून चालत राहतो आणि आपल्याला दिसतो काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

बाहेरच्या पाहुण्याला आधी विचारायची ही खोड फार जुनी. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच, तेव्हा आधी फ्लॉपी बघणं हे ओघानंच आलं. १९८३ च्या एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली, तरी पहिला मान फ्लॉपीचाच राहिला. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या त्याच पहिल्या सेक्टरमध्ये मुक्कामाला असायचा. आजही कित्येक जुन्या बोर्डांच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये यूएसबी आतल्या डिस्कच्या आधी असते.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

मधल्या काळात बाबांचे अजून दोन फोन आले. एकदा म्हणाले, "बँकेची साइट उघडत नाही, घड्याळ मागे आहे म्हणते." मी म्हटलं, "मग लावा ना बरोबर, खाली उजवीकडे असतं." एकदा काहीतरी सांगायला लागले तेवढ्यात माझा दुसरा कॉल आला. परत फोन करतो म्हणालो. तो राहून गेला.

२७ ऑगस्टला गणपती. आदल्या रात्री घरी पोचलो. आरती, मोदक वगैरे झाल्यावर संध्याकाळी दहा मिनिटं मशीनसमोर बसलो. बायॉस उघडला तर क्रम उलटा झालेला, यूएसबी वर. परत आतली डिस्क वर आणली, सेव्ह केलं, डबी लावून मशीन चालू करून दाखवलं. "कुठलं बटण दाबलं होतं का हो बाबा?" असं हसत हसत विचारलंसुद्धा. बाबा म्हणाले, "नाही रे." जरा थांबून म्हणाले, "दाबलं असेल चुकून."

हे "दाबलं असेल चुकून" आता आठवलं की कसंतरी होतं.

दिवाळीला परत घरी गेलो तर टेबलावर डबी नाही. विचारलं तर आईने कपाटाकडे बोट दाखवलं. डबी पंचात गुंडाळून वरच्या कप्प्यात, आईच्या पैठणीशेजारी. (घरातल्या जोखमीच्या वस्तूंचा तो कप्पा आहे.) मी बाबांना म्हटलं, "अहो, मग बॅकअप?"

"तूच म्हणालास ना, डबी खराब असेल. जी लावल्यावर मशीनच मरतं, तिच्यात मी एवढी मेहनत नेऊन कशाला ठेवू?"

काय बोलणार? माहिती चुकीची होती, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता. आणि चुकीची माहिती माझी होती.

म्हणजे जूनपासून अकराशेच्या वर स्कॅन झाले होते आणि ते सगळे फक्त आतल्या, बारा वर्षांच्या डिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं तर पिवळा दिवा. खराब सेक्टर वाढायला सुरुवात झालेली. तोंडातली चकली तशीच राहिली. मशीन आधी चालू करून मग डबी लावली आणि कॉपी सुरू केली. मध्ये एका फाइलवर अर्धा तास अडलं. रात्री दोन वाजता संपलं. सगळे फोटो आले. तेवढा वेळ बाबा शेजारी खुर्चीवर काही न बोलता बसून होते.

आई मात्र स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "पंधरा दिवस चालत नव्हतं, मी म्हटलं त्याला फोन करा. तर म्हणाले, तो कामात असतो, मग चिडतो." मी चिडत नाही गं, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी एक वही आणून समोर ठेवली. दोनशे पानी, रेघांची. "तुला उपयोग होतो का बघ." उघडली. खात्यात गेज लिहायचे तशीच नोंद. तारीख, वेळ, डबी जोडून काय, डबी काढून काय, घड्याळ काय दाखवतं. जूनपासून एक दिवस चुकलेला नाही. मी प्रॉडक्शनचे लॉग वाचून पोट भरणारा माणूस आहे, पण इतका स्वच्छ लॉग नोकरीत कधी पाहिला नाही. त्यातल्या या ओळी:

"२८ ऑगस्ट. डबी जोडून: चालू. घड्याळ बरोबर. (रात्री बोर्डाचे बटण चालूच, गणपतीची माळ.)"

"१ सप्टेंबर. डबी जोडून: चालू. घड्याळ बरोबर. (माळ.)"

"३ सप्टेंबर. डबी जोडून: काळा पडदा, रेघ. डबी काढून: चालू. घड्याळ १ जानेवारी २०१२. (काल विसर्जन. माळ काढली, बटण बंद.)"

आईचं यावर मत होतं की बाप्पा होते तोवर चाललं, गेल्यावर बंद पडलं. आणि तांत्रिकदृष्ट्या ती बरोबरच होती!

आमच्याकडे नियम आहे, रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद. वीज वाचते, विजा कडाडल्या तर मशीनही वाचतं. आता, मशीन शटडाउन केलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय मदरबोर्डाला पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह देत राहतो. घड्याळ आणि बायॉसची सेटिंग त्यावर जिवंत राहतात. भिंतीवरचंच बटण बंद केलं की ती जबाबदारी बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर, सीआर २०३२ वर. तो सेल मेलेला. म्हणजे रोज रात्री बटण बंद झालं की मशीन सगळं विसरायचं. घड्याळ १ जानेवारी २०१२ वर, बूटचा क्रम फॅक्टरी सेटिंगवर. काही बोर्डं अशा वेळी अडून बसतात आणि एफ-वन दाबा म्हणतात. आमचं मुकाट्याने पुढे जाणाऱ्यांतलं. गणपतीत मी लावलेला क्रम सात दिवस टिकला तो माळेच्या कृपेने. (त्या सात दिवसांत वीज गेली नाही हे अजून एक नशीब.)

"घड्याळ मागे आहे" हे ऐकल्याबरोबर कुठल्याही हार्डवेअरवाल्या पोराने सेल बदल म्हणून सांगितलं असतं. मला जुलैमध्येच सांगितलं होतं की.

"मग रोज तुम्ही काय करत होता?" मी विचारलं.

"रोज वेळ लावायचो. आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या लागल्या की त्यावर. मला वाटलं, जुनं झालं की असंच करावं लागतं. आपल्या भिंतीवरच्या घड्याळाला नाही का चावी द्यायचो."

चार महिने! रोज सकाळी!

घड्याळाच्या दुकानात सेल चाळीस रुपयांना मिळाला. मशीनचं झाकण बाबांनीच उघडलं. आत बारा वर्षांची धूळ, ती त्यांनी रंगाच्या ब्रशने काढली, मला हात लावू दिला नाही. जुना सेल काढून त्यांच्या मल्टीमीटरवर धरला. असायला हवेत तीन व्होल्ट, काटा सव्वाच्या पुढे जाईना. नवा घातला, तारीख लावली, क्रम लावला, सेव्ह. भिंतीवरचं बटण बंद करून आम्ही जेवायला बसलो. मी दोनदा उठायला बघितलं, तर बाबा म्हणाले, "रात्रभर राहू दे. सकाळची नोंद खरी."

सकाळी डबी जोडलेली ठेवूनच बटण दाबलं. लोगो, मग विंडोज. घड्याळ बरोबर. बाबांनी वहीत लिहिलं, "नवीन सेल. डबी जोडून: चालू." आतली डिस्कही आता बदलायची आहे, आणि विंडोज १० चा सपोर्ट त्याच ऑक्टोबरात संपला, ते वेगळंच दुखणं. त्यावर पुन्हा कधीतरी.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या रविवारी सकाळी सात-दहाला फोन वाजला. मी अर्धवट झोपेत.

"आता वेळ लावावी लागत नाही," बाबा म्हणाले. "पण चार सेकंद पुढे आहे."

"कशावरून?"

"बातम्यांवरून. गेल्या रविवारी दोनच होतं."

मी उठून बसलो, पेन शोधलं.