मुरबाड रस्त्यावरचा पाऊस

पाऊस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? दोरीवर तीन-तीन दिवस न वाळणारे कपडे, सादळलेले पापड, ओल धरलेली भिंत नि डोंबिवली स्टेशनात खोळंबलेल्या गाड्या. खरं ना? पण आपल्या दाराशीच या पावसाचं दुसरं रूप आहे. ते बघायला ना विमानाचं तिकीट लागतं, ना आठवड्याची रजा. शनिवार-रविवार, एक धडधाकट मोटारसायकल नि समजूतदार सोबत एवढं पुरे. गेल्या जुलैत आम्ही बारा जणं सहा गाड्यांवरून कल्याणहून माळशेज घाटात जाऊन आलो, त्याची ही हकिगत.

ह्यांच्या मित्रमंडळींची पावसाळी सहल दर वर्षी ठरलेली. आम्ही बायकांनी दशम्या-चटणीचे डबे भरून द्यायचे नि गॅलरीतून हात हलवायचा, हीही रीत ठरलेली! यंदा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "डब्यांबरोबर आपणही जायचं." कुरकुर झाली, पण सासूबाईंनीच निकाल दिला, "जा गं, मुलांचं मी बघते. ओल्या अंगाने बसू नकोस म्हणजे झालं."

तयारी मात्र आम्ही हाती घेतली. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्या होत्या, त्यांत प्रत्येकाचा फोन नि पैसे गुंडाळले. कोरड्या कपड्यांचा एकेक जोड जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून पिशवीच्या तळाशी घातला. मैत्रिणींनो, एक गोष्ट आवर्जून सांगते. मागे बसणारीने साडी किंवा मोकळी ओढणी नेसून-घेऊन जाऊ नये. पंजाबी सूटची ओढणी घरीच ठेवावी. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून तिथे जाळी हवीच, असं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. हौशी मंडळी शोभेसाठी ती काढून टाकतात. आमच्यातल्या एका भाऊजींनी काढली होती, ती आदल्या दिवशी परत बसवून घेतली. हेल्मेटचंही तेच. कायद्याने ते मागे बसणारीलाही लागतं. केस बसतात म्हणून टाळू नये.

शनिवारी सकाळी सहाला दुर्गाडीपाशी जमायचं ठरलं. डोंबिवलीची मंडळी पत्रीपुलावरून आली. जुना पूल २०१८ साली पाडला नि नवा २०२१ साली सुरू झाला. मधल्या काळातले आपले हाल आठवतात ना? ठाण्याचं जोडपं भिवंडी बायपासने कोनवरून आलं. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतलं नि आपल्या आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी केली. अशा जागेवरून निघताना उगाचच पाठ ताठ होते!

शहाडचा पूल ओलांडला, म्हारळ-वरप-कांबा मागे पडलं नि रायत्याच्या पुलाखाली उल्हास नदी दिसली. गढूळ, भरलेली, पण पुलाच्या पुष्कळ खाली. पुढे गोवेली, मग मुरबाड. मुरबाडला अजून रेल्वे नाही, म्हणून की काय, तिथे शहर एकदम संपतं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायका नि डोक्यावर इरली. आम्ही मजेसाठी भिजत होतो, त्या पोटासाठी. ते बघून आमचा गलका जरा कमी झाला.

सहा गाड्या म्हणजे शर्यत नव्हे, हे आधीच बजावलं होतं. वाट माहीत असलेला सगळ्यांत पुढे, पंक्चरचं सामान असलेला सगळ्यांत मागे, मधले एकामागे एक पण जरा तिरके. मागच्याची गाडी आरशात दिसेनाशी झाली की थांबायचं. साचलेल्या पाण्यातून मुळीच जायचं नाही, खाली केवढा खड्डा आहे ते देवालाच ठाऊक. सरळगाव ते टोकावडे एवढ्या टप्प्यात आम्ही तिघींनी हँडल हाती घेतलं नि हे मागे बसले. लायसन्स कपाटात ठेवण्यासाठी थोडंच काढलं होतं?

वैशाखऱ्याच्या पुढे ढग क्षणभर बाजूला झाले नि डोंगराचा अंगठ्यासारखा सुळका दिसला. तोच नानाचा अंगठा, त्याच्या शेजारी नाणेघाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठं बंदर होतं. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला नि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे, तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा. शाळेत इतिहास शिकवताना मी हे नाव किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! पण कल्याणपासून त्याच वाटेने स्वतः आल्यावर ते नाव पुस्तकातलं राहिलं नाही. एका बाईने आपला शब्द दगडावर कोरून ठेवला नि तो टिकला. पायवाट निसरडी होती, म्हणून वर चढायचं आम्ही हिवाळ्यावर टाकलं.

माळशेजचं वर्णन काय करू? मोरोशी सोडली की रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो नि जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या धारा. धुकं इतकं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसे. धबधब्याखाली उभं राहायचा मोह होतो, पण पाण्याबरोबर दगडही येतात. इथे दरडी कोसळून घाट बंद पडल्याचे प्रसंग पुष्कळदा घडलेत. म्हणून आम्ही रुंद, मोकळ्या जागी थांबून डोळे भरून पाहिलं. रात्री घाटमाथ्यावर मुक्काम. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, सकाळपर्यंत बूट बरेच सुकले होते.

खरी परीक्षा रविवारी. घाट उतरताना खालचा गियर ठेवून, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आम्ही चारच्या सुमारास मुरबाडला पोचलो. पाऊस थांबलेला, चक्क ऊन! नि तेवढ्यात बातमी आली, रायत्याच्या पुलावर पाणी आलंय, रस्ता बंद. पुरुषमंडळी म्हणाली, "इथे तर ऊन आहे, पाणी उतरेलच. पुलापर्यंत जाऊन बघू, जमलं तर काढू गाड्या." सोमवारी सगळ्यांची ऑफिसं, माझी दुपारची शाळा.

पण उल्हास येते खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून, कर्जत-बदलापूरवरून. मुरबाडात ऊन पडलं म्हणून तिचं पाणी उतरत नाही. तिकडे पाऊस पडत असेल तर ते चढतच राहतं. याच नदीच्या पुरात २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती नि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. आख्ख्या आगगाडीला जिने थांबवलं, तिच्यापुढे आपली मोटारसायकल ती काय? बारवीवरून बदलापूरला जावं म्हटलं तरी पुन्हा तीच नदी आडवी. मी हे सांगितलं, तर एक भाऊजी हसून म्हणाले, "बाईंचा भूगोलाचा तास सुरू झाला!" मी म्हटलं, "असू दे. पण पुलापर्यंत गेलं की माणूस पूल ओलांडायचा विचार करतो, म्हणून जायचंच नाही."

गोष्ट अडली ती रात्री राहायचं कुठे, यावर. शेजारच्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "माझं माहेर इथनं दहा मिनिटांवर आहे." नोकरी नि मुलांच्या शाळेपायी तीन वर्षांत त्या तिथे रात्रीच्या मुक्कामाला गेल्या नव्हत्या. बारा चिखललेली माणसं दारात बघून त्यांच्या आईने काय केलं असेल? गरम पाण्याचा हंडा चढवला, पिठलं-भात रांधला नि लेकीला जवळ बसवून घेतलं. रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरातून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. सोमवारी सकाळी पूल उघडल्याचा निरोप आला नि दुपारी मी वर्गात होते. ज्यांनी पुलापर्यंत जायचा हट्ट धरला होता, त्यांनीच पुढच्या वर्षीची सूत्रं आम्हा बायकांच्या हाती सोपवली आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा तुम्हीही निघा. कल्याणहून माळशेज सुमारे ८५ किलोमीटर. एवढं नको वाटलं तर मुरबाडपर्यंत जाऊन या. गाडीचे टायर नि ब्रेक आधी तपासून घ्या, अंधाराआधी मुक्काम गाठा, घरी निघण्याची नि पोचण्याची वेळ सांगून ठेवा. आणि वाटेत कुणाची बहीण, कुणाचं माहेर आहे, ते निघण्यापूर्वीच एका कागदावर लिहून घ्या.