हुबळीची केस आणि सावंत जज्जसाहेब

बेळगावात आमच्या आप्पांना कर्नाटकाच्या राजकारणाची भारी चीड. तरी मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्याचा निकाल आला, तेव्हा त्यांनी पेपर अक्षर न् अक्षर वाचला. बहुमत राजभवनात नाही, सभागृहात ठरायचं! केस हुबळीच्या बोम्मईंची, आणि निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत.

पुढच्या फेब्रुवारीत सावंतांनी प्रसारणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या ठरवल्या. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, ते २००१ पर्यंत.

कौन्सिल पेपरला समज देतं, ताशेरे ओढतं. दंड नाही, तुरुंग नाही. मी म्हणायचो, "आप्पा, अशानं कोण भिणार?" आप्पा म्हणायचे, "अरे, सरकारच्या हातात दंडुका दिलास तर पहिला फटका कुणाला? सीमाभागातल्या आपल्या मराठी पेपरलाच की! लाज असलेल्याला समज पुरते."

सावंत फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात गेले. आप्पा त्याआधीच. आता मोबाईलवरच्या खोट्या बातम्या बघून वाटतं, लाज नसलेल्याचं काय करायचं? त्याचं उत्तर मात्र आप्पांनी सांगून ठेवलं नाही. तुम्हाला काय वाटतं?